तारलीची वीण आणि कायद्याची दिनदर्शिका

पावसाळ्यात तळ खरवडणारी जाळी बंद असतात आणि वरच्या पाण्यातली सुरू राहतात. तारली नेमकी याच दिवसांत, याच वरच्या पाण्यात अंडी घालते. समुद्रातील मासेमारीचे आपले कायदे नौकांचे वर्ग पाहतात, माशाचे वय पाहत नाहीत. त्याचा हा लेखाजोखा.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदींनुसार २०१२ साली केरळच्या किनाऱ्यावर तारली हा एकटा मासा सुमारे ३ लाख ९२ हजार टन उतरला. नऊ वर्षांनी, २०२१ मध्ये, त्याच किनाऱ्यावर तो अवघा ३,२९७ टन मिळाला. म्हणजे शंभर टनांच्या जागी एक टनही नाही. त्यानंतर दोनच वर्षांत, २०२३ मध्ये, हा आकडा पुन्हा १ लाख ३८ हजार टनांवर गेला. गव्हाच्या किंवा कोळशाच्या उत्पादनात असा चढउतार झाला असता तर त्यावर संसदेत चर्चा झाली असती आणि चौकशी समिती नेमली गेली असती. तारलीच्या वाट्याला वृत्तपत्राच्या आतल्या पानावरची एक बातमी आली.

उत्तर केरळात मत्ती, दक्षिण केरळात चाळा आणि कोकणात तारली या नावांनी ओळखला जाणारा हा मासा श्रीमंतांच्या ताटातला नव्हे. पापलेट आणि सुरमई ज्यांना परवडत नाही, त्यांच्या घरी तो शिजतो. अंगभर तेल असलेला, आरोग्याला उपकारक स्निग्धाम्ले भरपूर असलेला आणि एरवी स्वस्त मिळणारा असा दुसरा मासा पश्चिम किनाऱ्यावर क्वचितच सापडेल. त्यामुळे तारली नाहीशी होते तेव्हा केवळ मच्छीमारांचे उत्पन्न बुडत नाही, तर लाखो कुटुंबांच्या जेवणातले प्रथिनही कमी होते. हा प्रश्न मत्स्यशास्त्राचा आहे, तितकाच अन्नसुरक्षेचा आणि प्रशासनाचाही आहे.

या चढउताराचे उत्तर समुद्राच्या हवामानात जितके आहे, तितकेच माशाच्या पोटातही आहे. तारली किती लांबीची झाल्यावर वयात येते, वर्षाच्या कोणत्या महिन्यांत अंडी घालते आणि किनाऱ्यापासून किती अंतरावर घालते, या तीन साध्या प्रश्नांची उत्तरे आपल्या शास्त्रज्ञांना अनेक दशकांपासून ठाऊक आहेत. आपले कायदे मात्र प्रामुख्याने इंजिन, जाळे, नौकेचा वर्ग आणि तारीख यांवर रचलेले आहेत. या दोहोंत पडलेले अंतर हाच या लेखाचा विषय आहे.

एका पावसाळ्यावर टांगलेले वर्ष

तारलीचे आयुष्य छोटे असते. ती साधारण अडीच वर्षे जगते. पहिल्याच वर्षात ती सुमारे १४ ते १५ सेंटिमीटर लांब होते आणि त्याच सुमारास वयात येते. सुरमईसारखा मासा किंवा शार्क अनेक वर्षे प्रजनन करू शकतो. त्यामुळे एखादे वर्ष वाया गेले तरी मागल्या वर्षांची पुंजी हाताशी असते. तारलीकडे अशी पुंजी नाही. जाळ्यात येणारी बहुतेक तारली त्याच वर्षी जन्मलेली किंवा आदल्या वर्षीची असते. यंदाच्या पावसाळ्यातली वीण फसली तर पुढल्या वर्षीचे जाळे रिकामे राहते. सगळी उलाढाल अशी एकेका पावसाळ्यावर टांगलेली असते.

विणीचा मुख्य काळ जून ते ऑगस्ट. नैर्ऋत्य मोसमी वारे वाहू लागले की केरळ आणि दक्षिण कर्नाटकाच्या किनाऱ्यालगतचे वरचे पाणी बाहेर ढकलले जाते आणि त्याच्या जागी खोलवरचे थंड, पोषक क्षारांनी समृद्ध पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती-प्लवकांचे जणू शेत उगवते. याच सुमारास पूर्ण वाढ झालेल्या तारलीचे थवे किनाऱ्याजवळ सरकतात. मादीच्या अंडाशयात, ज्याला आपण स्वयंपाकघरात गाबोळी म्हणतो त्यात, हजारो अंडी पिकलेली असतात. मोठ्या मादीत ही संख्या ७०-८० हजारांपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. अंडी आणि नराचे शुक्रजल उघड्या पाण्यात सोडले जाते आणि तिथेच फलन होते. फलित अंडे पाण्यावर तरंगते आणि साधारण एका दिवसात त्यातून पिलू बाहेर येते. त्याच्यापाशी जेमतेम थोडी शिदोरी असते. ती संपण्याआधी त्याला सूक्ष्म अन्न मिळाले पाहिजे, नाहीतर ते मरते. त्यामुळे पावसाळा, खालच्या पाण्याचे वर येणे, प्लवकांचा बहर आणि अंडी फुटण्याची वेळ यांचा मेळ बसावा लागतो. तो बसला तर सप्टेंबर-ऑक्टोबरात किनाऱ्यालगत पिलांचे थवेच्या थवे दिसू लागतात.

हे नाते आपल्या शास्त्रज्ञांनी फार पूर्वी ओळखले. १९५५ साली आर. व्ही. नायर आणि आर. सुब्रह्मण्यन यांनी ‘फ्रॅजिलेरिया ओशियानिका’ नावाची एक सूक्ष्म वनस्पती तारलीच्या विपुलतेची खूण असल्याचे दाखवून दिले होते. पुढे बी. टी. अँटनी राजा यांनी तारलीच्या प्रजननावर दीर्घकाळ काम केले. अमावास्येच्या आसपास पडणारा पाऊस आणि विणीचे यश यांचा संबंध त्यांनी मांडला. परिस्थिती प्रतिकूल असेल तर मादी अंडी सोडतच नाही, ती अंडाशयातच विरून जातात, ही बाबही त्यांच्या अभ्यासातून पुढे आली. म्हणजे पिलांचा दुष्काळ कधीकधी अंडी घालण्याआधीच सुरू झालेला असतो आणि तो माशाचे पोट चिरून पाहिल्याशिवाय दिसत नाही.

इथे धोरणकर्त्यांनी एक साधे गणित लक्षात घ्यावे. माशाचे वजन त्याच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दहा सेंटिमीटरची तारली पंधरा सेंटिमीटरची झाली की लांबी दीडपट होते, पण वजन जवळपास साडेतीनपट होते. शिवाय तोवर ती एकदा अंडी घालण्याच्या अवस्थेला पोहोचलेली असते. दहा सेंटिमीटरची तारली पकडणारा मच्छीमार काही महिन्यांत साडेतीनपट होणारी ठेव मुदतीआधी मोडतो आणि तिच्यापासून मिळणारे व्याजही गमावतो.

तेलाचे कारखाने आणि १९४३ चा आदेश

हा प्रश्न आज पहिल्यांदाच शासनापुढे आलेला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रास इलाख्यात सर फ्रेडरिक निकल्सन या सनदी अधिकाऱ्याने मत्स्यव्यवसायाकडे लक्ष वळवले. सहकाराच्या इतिहासाच्या अभ्यासकांना हे नाव परिचित आहे. शेतकऱ्यांसाठी पतपेढ्या कशा उभाराव्यात यावरचा त्यांचा १८९५-९७ चा अहवाल भारतातील सहकारी चळवळीच्या आरंभबिंदूंपैकी एक मानला जातो. त्याच निकल्सन यांनी पुढे मद्रासच्या मत्स्य विभागाची पायाभरणी केली. मलबारच्या किनाऱ्यावर तारली इतकी मिळे, की खाऊन उरलेली वाळूत पसरून खत म्हणून नारळाच्या बागांत टाकली जाई. तानूर येथे शासनाने प्रायोगिक केंद्र काढले. तारली उकडून, दाबून तेल काढावे आणि उरलेला चोथा खत म्हणून विकावा, ही पद्धत तिथून पसरली. पाहता पाहता मलबार आणि दक्षिण कानडा जिल्ह्यांच्या किनाऱ्यावर असे अनेक लहान कारखाने उभे राहिले. तेल ताग आणि चामड्याच्या उद्योगांकडे जाऊ लागले, खत मळ्यांकडे.

निकल्सन यांचे सहकारी आणि पुढे मत्स्य विभागाचे संचालक झालेले जेम्स हॉर्नेल यांनी १९२० च्या दशकात एम. आर. नायडू यांच्यासह तारलीच्या जीवनक्रमावर सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. तारली पावसाळ्यात वीते, वर्षभरात वयात येते आणि तिचे आयुष्य थोडे असते, ही चौकट तेव्हाच मांडली गेली. १९४० च्या दशकात तारली दिसेनाशी झाली, तेव्हा मद्रास सरकारने १९४३ मध्ये लहान तारली आणि अंड्यावर आलेली तारली पकडण्यावर निर्बंध घातले. काही वर्षांतच हे निर्बंध मागे घ्यावे लागले. कारण त्यांची अंमलबजावणी जमली नाही. शेकडो मैलांचा किनारा, असंख्य होड्या, मोजके कर्मचारी आणि रोजच्या पोटापाण्याचा प्रश्न यांपुढे आदेश निष्प्रभ ठरला.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या घटनेत दोन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे, पिलू आणि गाभण मासा या दोघांना वाचवायला हवे, हे तत्त्व आपल्या प्रशासनाला ऐंशी वर्षांपूर्वीच समजले होते. दुसरी म्हणजे, ज्यांच्या संमतीवाचून नियम पाळला जाणे अशक्य आहे, त्यांना बाजूला ठेवून काढलेला आदेश टिकत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यांनी यातला दुसरा धडा काही प्रमाणात घेतला. मात्र पहिला हातातून निसटला.

संरक्षण कोणाचे?

घटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतला विषय आहे आणि सागरी हद्दीपलीकडची मासेमारी संघसूचीत आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याची सत्ता चालते, तिथून २०० मैलांपर्यंत केंद्राची. केंद्राने १९७९ मध्ये पाठवलेल्या नमुना विधेयकाच्या आधारे केरळ आणि गोव्याने १९८० मध्ये, महाराष्ट्राने १९८१ मध्ये आणि कर्नाटकाने १९८६ मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदे केले. या कायद्यांमागचा तातडीचा प्रश्न होता तो यांत्रिक ट्रॉलर आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यातल्या संघर्षाचा. साहजिकच कायद्यांनी समुद्राची वाटणी केली ती नौकांच्या वर्गांत: किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिकांना, बाहेरचा यांत्रिकांना. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने हे योग्य होते. पण माशाचे जीवनचक्र या चौकटीत कुठेच बसले नाही.

केरळातली पावसाळी बंदी हे याचे ठळक उदाहरण आहे. मोठ्या आंदोलनांनंतर आणि तज्ज्ञ समित्यांच्या अहवालांनंतर १९८८ पासून तिथे पावसाळ्यात तळाच्या ट्रॉलिंगला बंदी घातली जाते. सध्या तिचा काळ ५२ दिवसांचा आहे. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही बंदी उचलून धरली. तिचा लाभ कोळंबीला आणि तळाजवळच्या अनेक माशांना झाला, यात शंका नाही. परंतु तारली तळाशी राहत नाही. ती वरच्या पाण्यात थव्याने फिरते आणि तिला घेरून पकडतात ती रिंगसीन जाळ्याने. पावसाळी बंदी या जाळ्याला लागू नाही, कारण ते पारंपरिक क्षेत्रात मोडते.

या जाळ्याची कहाणीही बोलकी आहे. १९८४ च्या अधिसूचनेने केरळने पर्सीन, रिंगसीन आणि वरच्या व मधल्या पाण्यातल्या ट्रॉलिंगवर आपल्या सागरी हद्दीत बंदी घातली होती आणि १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. ट्रॉलरशी स्पर्धा करताना पिचलेल्या पारंपरिक मच्छीमारांनी मात्र त्याच सुमारास रिंगसीन स्वीकारले होते आणि पुढे तेच त्यांचे मुख्य साधन झाले. सुरुवातीला लहान होडीतून ओढले जाणारे हे जाळे पुढे कित्येक शंभर मीटर लांबीचे झाले, नौकेत शक्तिशाली इंजिने आली आणि एकेका नौकेवर चाळीस-पन्नास माणसे काम करू लागली. मालकी अनेकदा गावातल्या मच्छीमारांच्या गटाची असते. त्यामुळे त्याला नुसते ‘भांडवलदारांचे जाळे’ म्हणून निकालात काढता येत नाही. पण त्याला आजही ‘पारंपरिक’ म्हणणे म्हणजे शब्दाच्या आड वस्तुस्थिती लपवणे होय.

२००७ मध्ये केरळने पावसाळ्यात वरच्या पाण्यातली मासेमारी चालू राहावी यासाठी स्वतंत्र कायदाच केला. त्याच्या नावात ‘संरक्षण’ हा शब्द आहे. हे संरक्षण मासेमारीला दिलेले आहे, माशाला नव्हे. पावसाळ्यात आलप्पुळाच्या किनाऱ्यावर ‘चाकरा’ म्हणजे चिखलाच्या थरामुळे शांत होणारे पाणी लाभते आणि तिथे होड्या सुखरूप जाऊ शकतात. इतर वेळी ट्रॉलरपुढे हतबल असलेल्या गरीब मच्छीमाराला वर्षातले हेच दिवस मोकळे मिळतात. म्हणून या कायद्यामागची भावना समजण्यासारखी आहे. तरीही वस्तुस्थिती बदलत नाही. तारली गाबोळीने भरलेली असते त्या आठवड्यांत तिला पकडणारे सर्वांत प्रभावी जाळे कायद्याच्या छत्राखाली पाण्यात असते.

दुसरे साधन आहे किमान लांबीचे. केरळने २०१५ मध्ये १४ जातींसाठी आणि २०१७ पर्यंत एकूण ५८ जातींसाठी पकडण्याची किमान कायदेशीर लांबी ठरवली. हे पाऊल देशात पहिले होते आणि ते धाडसाचे होते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी अशी मर्यादा जाहीर केली. केरळात तारलीची मर्यादा आहे १० सेंटिमीटर. ती वयात येते सुमारे १५ सेंटिमीटरला. म्हणजे जिने आयुष्यात एकदाही अंडी घातलेली नाहीत अशी तारली पकडणे पूर्णपणे कायदेशीर आहे. नियम काटेकोरपणे पाळला तरी तो प्रजननाचे रक्षण करत नाही, केवळ अगदी चिमुकल्या पिलांचे करतो.

निसर्गाचा वाटा, माणसाचा वाटा

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून चालणार नाही. तारलीचे चढउतार मासेमारीने घडत नाहीत, ते निसर्गच घडवतो, असे अनेक मच्छीमार नेते म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. रिंगसीन आणि डिझेल इंजिन नव्हते तेव्हाही, १९४० च्या दशकात, तारली नाहीशी झाली होती. २०१५ नंतरच्या घसरणीत एल निनोचा हात असल्याचे शास्त्रज्ञांनीच सांगितले आहे. आणि २०२१ च्या नीचांकानंतर कोणताही मोठा नवा कायदा न करता दोन वर्षांत तारली परतली.

अलीकडचा अनुभवही असाच गुंतागुंतीचा आहे. २०२४ च्या चांगल्या पावसाळ्यानंतर केरळच्या पाण्यात लहान तारलीचे प्रचंड थवे आले. संख्या इतकी, की अन्नासाठी आपसात स्पर्धा होऊन त्यांची वाढ खुंटली, असे सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे निरीक्षण आहे. भाव कोसळले आणि काही महिन्यांपूर्वी दुर्मीळ असलेला मासा मातीमोल झाला. अशा वेळी ‘लहान मासा पकडू नका’ हा उपदेश मच्छीमाराला पटणार कसा?

पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष उलट आहे. निसर्ग इतका लहरी आहे म्हणूनच माणसाने आपला वाटा सांभाळून घ्यायला हवा. चांगल्या पावसाळ्याचा फायदा उचलण्यासाठी पाण्यात पुरेशा माद्या असाव्या लागतात. समुद्रात थंड पाणी वर आले, प्लवकांचा बहर आला, पण अंडी घालणारी तारलीच उरली नसेल तर तो बहर दुसऱ्याच्या पोटात जातो. वाईट वर्षी मासा कमी असतो, पण जाळी आणि इंजिने तेवढीच असतात. कर्जाचे हप्तेही तेवढेच असतात, म्हणून उरलेल्या थोड्या माशांचा पाठलाग अधिक त्वेषाने होतो. निसर्गाने दिलेल्या फटक्यावर माणसाचा दुसरा फटका पडतो तो इथे. तारली वर्षभरात वयात येते, ही तिची दुर्बलता आहे तशीच तिची ताकदही आहे. तिला एक पावसाळा सुखाने मिळाला तर ती झपाट्याने सावरते. ज्या माशाला सावरायला इतका कमी वेळ लागतो, त्याच्याबाबतीत थोड्या संयमाचे फळ लवकर मिळते.

पेरूपासून काय घ्यावे

दक्षिण अमेरिकेतल्या पेरूच्या किनाऱ्यावर अँकोव्हेटा नावाचा तारलीसारखाच लहान, थव्याने राहणारा मासा मिळतो. त्याचा व्यवसाय जगातल्या सर्वांत मोठ्या मासेमारींपैकी एक आहे आणि १९७० च्या दशकात तो अक्षरशः कोसळला होता. पेरूने त्यातून काही नियम बनवले. अँकोव्हेटा साधारण १२ सेंटिमीटरला वयात येतो आणि पकडण्याची किमान लांबीही १२ सेंटिमीटरच आहे. संख्येने १० टक्क्यांपर्यंत लहान मासे चालतात. त्याहून जास्त येऊ लागले की तो भाग काही दिवसांसाठी बंद केला जातो. हंगामाआधी शास्त्रज्ञ समुद्रात जाऊन पाहणी करतात. २०२३ मध्ये पाहणीत लहान मासे फार आढळले तेव्हा उत्तर-मध्य किनाऱ्यावरचा वर्षातला पहिला हंगामच रद्द करण्यात आला. त्याची आर्थिक झळ मोठी होती, तरीही तो निर्णय घेतला गेला.

पेरूची नक्कल भारतात जशीच्या तशी करता येणार नाही. तिथे एकाच जातीवर आधारलेला मोठा उद्योग आहे. आपल्याकडे एकाच जाळ्यात अनेक जाती येतात आणि लाखो लहान मच्छीमार हजारो ठिकाणी मासे उतरवतात. पण त्यामागचे तत्त्व उचलण्यासारखे आहे. बंदी कधी आणि कुठे घालायची हे दिनदर्शिका पाहून ठरवू नये, माशाचे पोट पाहून ठरवावे.

काय करता येईल

पहिले म्हणजे, रिंगसीनवर सबंध पावसाळाभर बंदी न घालता विणीच्या ऐन भरात थोड्या दिवसांचा विराम ठेवावा. जूनपासून प्रमुख बंदरांवर दर आठवड्याला तारलीचे नमुने तपासले आणि पक्व माद्यांचे प्रमाण ठरावीक मर्यादेच्या वर गेले, की त्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर दहा-पंधरा दिवस जाळी थांबवावीत. यासाठी लागणारे शास्त्र आणि माणसे आपल्यापाशी आहेत. १९४७ मध्ये स्थापन झालेली आणि आज कोचीत मुख्यालय असलेली सागरी मत्स्य संशोधन संस्था देशभरच्या बंदरांवर नमुने गोळा करतेच. तिचा निष्कर्ष आज अहवालात छापला जातो. तो त्याच आठवड्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर पोहोचायला हवा.

दुसरे, या विरामाची किंमत समाजाने उचलावी. बंदीच्या काळातल्या सध्याच्या केंद्रपुरस्कृत योजनेत मच्छीमार कुटुंबाला तीन महिन्यांसाठी ३,००० रुपयांची शासकीय मदत मिळते आणि त्यात त्याची स्वतःची १,५०० रुपयांची भर असते. म्हणजे महिन्याला दीड हजार रुपये, त्यातलेही पाचशे त्याचेच. एवढ्यावर कोणते कुटुंब जाळे वाळत घालून बसेल? वीण वाचवण्याचा लाभ साऱ्या देशाला होणार असेल, तर त्याचा भार केवळ रिंगसीनवर काम करणाऱ्या खलाशाने उचलावा असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

तिसरे, किमान लांबी टप्प्याटप्प्याने वाढवावी आणि ती किनाऱ्यावरच्या सर्व राज्यांत सारखी असावी. तारलीचे थवे राज्यांच्या सीमा ओळखत नाहीत. पूर्वी मलबारपुरती मानली जाणारी ही जात गेल्या काही दशकांत तमिळनाडूच्या पूर्व किनाऱ्यावर आणि उत्तरेकडे कोकणातही मोठ्या प्रमाणावर मिळू लागली आहे. केरळात पकडायला मनाई असलेले पिलू कर्नाटकात किंवा गोव्यात सरळ मत्स्यचूर्णाच्या कारखान्यात जात असेल तर केरळचा मच्छीमार नियम पाळणार नाही आणि त्याला दोषही देता येणार नाही. इथे तपासणीचा बिंदू समुद्रात असण्याची गरज नाही. लहान तारलीचे मोठे गिऱ्हाईक कोण, हे सर्वांना ठाऊक आहे. हजारो होड्या तपासण्यापेक्षा मोजक्या कारखान्यांच्या दारावर माशाची लांबी मोजणे सोपे आहे. १९४३ च्या आदेशाला नेमकी हीच सोय सुचली नव्हती.

चौथे, निर्णयात मच्छीमारांना खरा वाटा द्यावा. केरळने कायद्यात दुरुस्ती करून गाव, जिल्हा आणि राज्य पातळीवर मत्स्य व्यवस्थापन परिषदांची तरतूद केली आहे. या परिषदांना विणीच्या विरामाच्या तारखा सुचवण्याचा अधिकार दिला, तर आदेशाची जागा कराराला घेता येईल. महाराष्ट्रातील वाचकांना ही कल्पना परकी वाटू नये. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या पाण्यात न घालण्याची कोकणातली रीत खवळलेल्या समुद्राच्या धाकातून आली असेल. पण ती कोणत्याही निरीक्षकाशिवाय पाळली जात होती, कारण ती साऱ्या गावाची होती. आज इंजिनाने समुद्राचा तो धाक संपवला आहे. त्यामुळे पूर्वी लाटा जे काम करत होत्या, ते आता समजुतीने आणि नियमाने करावे लागणार आहे.

शेवटी, नदीच्या पाण्यासाठी आपण आंतरराज्य मंडळे आणि लवाद नेमतो. समुद्रातल्या सामाईक माशासाठी मात्र पश्चिम किनाऱ्यावरच्या राज्यांना एकत्र बसवणारी आणि निर्णय बंधनकारक करू शकणारी एकही यंत्रणा नाही. केंद्राने तारलीपासून सुरुवात करावी. ही जात निवडण्याचे कारण असे, की तिच्या जीवनक्रमाची शंभर वर्षांची नोंद आपल्याकडे आहे, तिचा जनुकीय आराखडाही २०२३ मध्ये आपल्याच शास्त्रज्ञांनी उलगडला आहे, आणि तिच्याबाबत केलेल्या उपायाचा परिणाम एक-दोन वर्षांत मोजता येतो. हा प्रयोग यशस्वी झाला तर तोच साचा बांगडा आणि पापलेट यांनाही लावता येईल.

प्रत्येक जूनमध्ये केरळच्या बंदरांवर ट्रॉलर साखळीने बांधले जातात, त्यांची छायाचित्रे छापून येतात आणि समुद्राला विश्रांती मिळाली असे आपण समजतो. त्याच आठवड्यात बाजारात गाबोळीने भरलेली तारली विकायला आलेली असते. तिच्या पोटातल्या अंड्यांचा हिशेब कोणत्याही अर्थसंकल्पात नसतो. पण पुढल्या वर्षी लाखो घरांच्या जेवणात काय असेल, हे बऱ्याच अंशी त्याच हिशेबावर ठरणार असते.